बटणं मराठीत, यंत्र इंग्रजीत

सावरगाव आणि पांढुर्णा यांच्यामधून जाम नदी वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे गोटमार होते आणि तेवढ्यापुरतं सावरगावचं नाव वर्तमानपत्रांत छापून येतं. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिला आणि त्याच्या दक्षिणेकडचा सौसर-पांढुर्ण्याचा मराठी पट्टाही त्याच्यासोबत राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, तोही अर्थात मध्य प्रदेशातच. इथल्या मुलाची घरात, वावरात, बाजारात मराठी असते. शाळा बहुतेकांची हिंदीतून होते. आणि बारावीनंतर संगणक शिकायला गेलं की समोर पुस्तक येतं ते इंग्रजी. कापसाच्या आणि संत्र्याच्या या गावांमधून नागपूर-पुण्याच्या कंपन्यांपर्यंत पोचलेली मुलं आहेत. त्यांचा अभिमान वाटतोच. मला बोलायचं आहे ते वाटेत थांबलेल्यांविषयी, आणि ती ज्या पुस्तकापाशी थांबली त्या पुस्तकाविषयी.

गेल्या तीस वर्षांत ज्याने कोणी आपल्याकडे सी भाषा शिकायला घेतली, त्याच्या हाती बहुधा 'लेट अस सी' पडलं. ते लिहिणारे यशवंत कानेटकर नागपूरचे. पांढुर्ण्याहून नागपूर रेल्वेने शंभरएक किलोमीटर, म्हणजे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याइतकं जवळ. सोपी, समोर बसून बोलल्यासारखी भाषा, छोटे छोटे प्रोग्राम, प्रकरणाच्या शेवटी भरपूर प्रश्न, अशी या पुस्तकाची घडण आहे. चांगला शिक्षक कागदावर उतरला की काय होतं याचा तो नमुना आहे. पण ते निघालं दिल्लीच्या बीपीबी प्रकाशनाकडून आणि इंग्रजीत.

दुसरं नाव अच्युत गोडबोले यांचं. सोलापुरात मराठी शाळेत शिकलेला मुलगा, १९७२ साली मुंबईच्या आयआयटीतून केमिकल इंजिनियर झाला आणि पुढे संगणकाच्या धंद्यात मोठ्या पदांवर पोचला. त्यांनी ऑपरेटिंग सिस्टिम या विषयावर लिहिलेलं पाठ्यपुस्तक टाटा मॅग्रॉ-हिलने काढलं आणि ते देशभर अभ्यासाला लागलं. तेही इंग्रजीत. मराठीत त्यांनी पुष्कळ लिहिलं; 'संगणकयुग'सारख्या पुस्तकातून संगणकाची गोष्ट रसाळपणे सांगितली. मराठी वाचकाला मिळाली ती ही गोष्ट. यंत्र आतून कसं चालतं याचा अभ्यास इंग्रजी वाचकासाठी राहिला.

यात या दोघांना मी तसूभरही दोष देत नाही. अभ्यासक्रम इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत, प्रकाशकाचा बाजार देशभरचा. अशा वेळी पाठ्यपुस्तक लिहिणारा दुसरं काय करणार? माझं म्हणणं त्यातून एवढंच निघतं की मराठी माणसाला हा विषय समजत नाही, किंवा तो समजावून सांगता येत नाही, असं कोणी म्हणू शकत नाही. जगाला शिकवतील असे शिक्षक आपल्यातच झाले. आपल्या भाषेसाठी ते काम कोणी त्यांच्याकडे मागितलं नाही.

मग मराठीत संगणकाचं काहीच झालं नाही का? झालं, आणि मोठ्या प्रमाणावर झालं. एमकेसीएलने एमएस-सीआयटी सुरू केलं त्याला आता दोन दशकं उलटून गेली. त्यातून लाखो मराठी माणसांच्या मनातली माऊसची भीती गेली. सीमेच्या अलीकडे, मध्य प्रदेशात, हेच काम डीसीए आणि पीजीडीसीए या पदविकांनी हिंदीतून केलं. भोपाळच्या माखनलाल चतुर्वेदी पत्रकारिता विद्यापीठाशी जोडलेली त्यांची केंद्रं गावोगावी आहेत. सरकारी नोकरीच्या अर्जाला प्रमाणपत्र लागतं म्हणून मुलं तिथे जातात, थोडं टंकलेखन, थोडं वर्ड-एक्सेल शिकून येतात. या कामाची किंमत मी कमी लेखत नाही. पण त्याला एक मर्यादा आहे आणि ती फार महाग पडणारी आहे. या अभ्यासक्रमांच्या पुस्तकांत शिकवलं जातं ते कुठे काय दाबायचं, आणि ते ज्ञान फार लवकर शिळं होतं. ऑफिस २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुने मेनू काढून रिबन आणली आणि त्याआधीच्या पुस्तकांची पानंच्या पानं एका फटक्यात निकामी झाली.

याच्या शेजारी दुसरं एक पुस्तक ठेवून पाहा. ब्रायन कर्निघन आणि डेनिस रिची यांचं 'द सी प्रोग्रामिंग लँग्वेज' १९७८ साली आलं, दुसरी आवृत्ती १९८८ साली. तीनशे पानांच्या आतलं पुस्तक. दुसरी आवृत्ती आजही छापली जाते, आजही वाचली जाते, आणि तिच्यातले प्रोग्राम आजही थोडेफार हात फिरवून चालतात. यंत्राच्या तळाशी असलेल्या कल्पना फार सावकाश बदलतात. प्रोसेस म्हणजे काय, स्मृतीची वाटणी कशी होते, एकाच फाइलवर दोघांनी एकदम लिहायला घेतलं तर काय करायचं, या प्रश्नांची १९७० च्या दशकातली उत्तरं आपल्या खिशातल्या फोनमध्ये अजून जागी आहेत. ज्या भाषेकडे पैसा कमी, लेखक कमी, वाचकही विखुरलेले, तिने आधी कुठली पुस्तकं लिहावीत? जी पन्नास वर्षं टिकतील ती. आपण नेमकं उलट केलं. सर्वांत लवकर सडणाऱ्या भागावर मेहनत खर्च केली आणि टिकाऊ भाग परक्या भाषेत राहू दिला.

टिकाऊ भाग मराठीत सांगताच येत नाही अशी एक समजूत आहे, आणि ती सुशिक्षितांमध्ये अधिक आहे. तिला उत्तर द्यायचं तर सांगूनच दाखवायला हवं. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये नवी प्रोसेस, म्हणजे चालता प्रोग्राम, जन्माला घालायची तर आधीची एखादी प्रोसेस फोर्क नावाची हाक कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, देते. कर्नल त्या प्रोसेसची हुबेहूब प्रत तयार करतो. आता प्रोग्रामच्या एकाच ओळीवर दोघी उभ्या आहेत, मूळची आणि नवी. हाक एकदाच मारलेली, पण उत्तर दोनदा येतं: मूळच्या प्रोसेसला नवीचा क्रमांक मिळतो, नवीला शून्य मिळतं. त्या एका आकड्यावरून प्रत्येकीला आपण कोण ते कळतं आणि तिथून दोघींच्या वाटा वेगळ्या होतात. नवी प्रोसेस मग बहुधा एक्झेक ही दुसरी हाक देते आणि स्वतःतला जुना प्रोग्राम टाकून नवा भरून घेते. काळ्या खिडकीत आपण एखादी आज्ञा टंकून एंटर दाबतो तेव्हा बहुतेक वेळा हेच घडत असतं. अँड्रॉइड फोनमध्येही आधीपासून तयार ठेवलेल्या एका प्रोसेसपासून फोर्क होऊनच प्रत्येक अ‍ॅपची प्रोसेस निघते.

या ओळी नववीतल्या मुलाला वाचता येतील. समजायला दोनदा वाचाव्या लागतील, पण तेवढं तर कुठल्याही भाषेत लागतं.

पॉइंटरचं घ्या, म्हणजे स्मृतीतल्या जागेच्या पत्त्याचं. सी शिकणारी निम्मी मुलं इथेच हात टेकतात. पटवाऱ्याच्या कागदावरचा खसरा क्रमांक म्हणजे शेत नव्हे. शेत कुठे आहे ते तो सांगतो. त्या कागदाच्या दहा नकला काढल्या तरी शेत एकच राहतं, आणि कुठलीही नक्कल घेऊन जाऊन नांगर फिरवला तरी नांगरलं जातं तेच शेत. शेत विकलं आणि जुना कागद खिशात राहून गेला, तर तो कागद घेऊन पेरायला जाणारा दुसऱ्याच्या जमिनीत पेरतो. सोडून दिलेल्या स्मृतीचा पॉइंटर वापरणं म्हणजे तंतोतंत हेच, आणि मोठमोठ्या सॉफ्टवेअरमधली सुरक्षेची कितीतरी भगदाडं या एका चुकीतून पडलेली आहेत. पुण्यात बसून लिहिणारा लेखक इथे तलाठी आणि गट क्रमांक लिहील, आणि सावरगावच्या मुलाला क्षणभर थबकावं लागेल. म्हणून असं पुस्तक लिहिताना त्याची प्रकरणं सीमेवरच्या वाचकांपुढेही वाचून पाहिली पाहिजेत, असं मला वाटतं.

आता त्या पुस्तकाविषयी, ज्याच्यासारखं पुस्तक मला मराठीत हवं आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स नावाचे प्राध्यापक होते. १९७० च्या दशकात त्यांच्याकडे युनिक्सची सहावी आवृत्ती आली, मूळ कोडसकट. सारा कर्नल दहा हजार ओळींच्या आत. लायन्स यांनी ठरवलं की विद्यार्थ्यांना ऑपरेटिंग सिस्टिमविषयी सांगत बसण्यापेक्षा एक खरी ऑपरेटिंग सिस्टिमच ओळीओळीने वाचून घ्यावी. त्यांनी दोन भाग केले: एका भागात कोड, ओळींना क्रमांक घातलेला, दुसऱ्या भागात त्यावरचं भाष्य. १९७७ च्या सुमाराला हे भाष्य विद्यार्थ्यांच्या हाती होतं. पुढे युनिक्सचे मालक असलेल्या एटी अँड टीने सातव्या आवृत्तीच्या परवान्यात कोड वर्गात शिकवायला मनाई केली. लायन्सचं पुस्तक मग झेरॉक्सच्या झेरॉक्स काढून जगभर फिरलं. अक्षरं पुसट होत गेली तरी वाचणारे वाढतच गेले. उघडपणे छापलं गेलं ते १९९६ साली.

त्या कोडमध्ये एका अवघड जागी मूळ लेखकांनी टीप टाकली होती: तुम्हाला हे समजावं अशी अपेक्षा नाही, या अर्थाची. ही टीप पुढे फार गाजली. डेनिस रिची यांनी नंतर खुलासा केला की हे परीक्षेत येणार नाही, एवढ्याच भावनेने ती लिहिली होती. खरी अडचण अशी होती की तिथे नेमकं काय चाललंय हे खुद्द लिहिणाऱ्यांनाही पुरतं उमगलं नव्हतं. मला या खुलाशाचं फार मोल वाटतं. आमच्याकडच्या गाइडांत नेमकी उलटी प्रतिज्ञा असते: हे परीक्षेत येणार आहे, समजलं नाही तरी चालेल. 'प्रोसेस म्हणजे काय, चार गुण' या प्रश्नाचं उत्तर हिंदीत किंवा इंग्रजीत पाठ करून मुलगा पास होतो आणि आयुष्यात एकदाही प्रोसेस जन्माला घालत नाही. पाठांतराचं खापर सगळं मुलाच्या माथी फोडू नये. वाचलेल्या वाक्याशी वाद घालायला, ते उलटवून पाहायला, 'असं असेल तर मग तसं का नाही' असं विचारायला ती भाषा आधी आपली असावी लागते. नसली की वाक्य जसंच्या तसं गिळावं लागतं.

यावर हमखास आक्षेप येतो की प्रोग्रामिंगची भाषाच इंग्रजी आहे. मराठीत शिकून मूल अडकून पडेल. यातला पहिला भाग खरा आहे. सी भाषेतले शब्द इंग्रजी, चुकीचे संदेश इंग्रजी, लिनक्सची मॅन पानं इंग्रजी, सोबत काम करणारे जगभरचे. ज्याला या विषयात पुढे जायचं त्याने इंग्रजी वाचायला शिकलंच पाहिजे, आणि मराठी पुस्तकाच्या लेखकाने हे पहिल्याच पानावर सांगावं. दुसरा भाग मला पटत नाही. लिनक्स घडवणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्सचं उदाहरण दोन्ही बाजूंनी दिलं जातं. फिनलंडमध्ये राहूनही त्याची मातृभाषा स्वीडिश, म्हणजे तोही भाषिक अल्पसंख्य, सावरगावकरांसारखाच. १९९० च्या उन्हाळ्यात त्याने अँड्र्यू टॅनेनबाम यांचं मिनिक्सच्या कोडसकट असलेलं ऑपरेटिंग सिस्टिमचं पुस्तक वाचलं, इंग्रजीतून, आणि पुढच्याच वर्षी लिनक्स जन्माला आलं. पाहा, इंग्रजी पुस्तकाने भागलं की नाही, असं म्हणता येईल. पण हा मुलगा दहा-अकरा वर्षांचा असताना हेलसिंकी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या आजोबांनी घरात कॉमोडोर संगणक आणला होता आणि नातवाला मांडीवर बसवून त्याच्याकडून प्रोग्राम टंकून घेतले होते. टॅनेनबाम यांच्या पुस्तकापर्यंत पोचायच्या आधी त्याने दहा वर्षं यंत्राशी झटापट केली होती. ज्याच्या घरात असे आजोबा नाहीत त्याला त्यांच्या जागी पुस्तक हवं, आणि आजोबा नातवाशी घरच्या भाषेत बोलतात.

जपानचं पाहा. कर्निघन-रिचींचं पुस्तक १९८१ सालीच इशिदा हारुहिसा यांनी जपानीत आणलं. १९९५ मध्ये युकिहिरो मात्सुमोतो यांनी रुबी ही भाषा जगापुढे ठेवली, तेव्हा सुरुवातीची वर्षं तिची बहुतेक माहिती जपानीतच होती; इंग्रजी वाचकांना तिचं पहिलं धड पुस्तक मिळालं ते २००० साली. त्या भाषेच्या आज्ञा इंग्रजी शब्दांच्याच आहेत. पण तिच्याविषयीचा विचार, वाद, समजावणं जपानीत झालं आणि नंतर जग ते शिकायला आलं. मातृभाषेत शिकल्याने दार बंद होत नाही याचा याहून ठळक पुरावा मला माहीत नाही.

आपल्या सरकारांनीही या दिशेने पावलं टाकली आहेत. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळमध्ये एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची तीन हिंदी पुस्तकं प्रकाशित झाली. २०२१ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकीला परवानगी दिली आणि पिंपरी-चिंचवडमध्ये मराठीतून संगणक अभियांत्रिकीचा वर्गही निघाला. हेतू चांगला आहे. पण हाती येतात ती मुख्यतः भाषांतरं, आणि त्यांतली काही यंत्राकडून करवून घेतलेली. पारिभाषिक शब्दांवरून वाद घालण्यात आपण नको इतका वेळ घालवतो. पॉइंटरला पॉइंटर आणि कर्नलला कर्नल म्हटल्याने कोणाचं काही अडत नाही. अडतं ते वाक्यापाशी. इंग्रजीतल्या लांब वाक्याचे तुकडे तसेच ठेवून फक्त शब्द बदलले की जे तयार होतं ते ना धड इंग्रजीसारखं कळतं, ना मराठीसारखं. मराठीत लिहिणाऱ्याने इंग्रजी पुस्तक मिटून ठेवावं आणि विद्यार्थी समोर बसला आहे असं समजून सांगायला लागावं.

व्हिडिओंचा प्रश्न राहतो. मुंबई आयआयटीत प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी उभा केलेला स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प मला आपल्या देशातलं एक मोठं काम वाटतं. दहा-बारा मिनिटांचे धडे, पडद्यावर मूळ प्रोग्राम, आवाज आपल्या भाषेत. ऐकत ऐकत शेजारच्या खिडकीत तेच करून पाहायचं. लिनक्स आणि सी यांचे धडे मराठी आवाजातही आहेत, आणि फुकट आहेत. सावरगावच्या कुठल्याही मुलाने सुरुवात तिथूनच करावी. पण दहा मिनिटांत हात चालायला शिकतो. कर्नलसारखी एकमेकांत गुंतलेली रचना डोक्यात उभी राहायला मागचं पान पुन्हा उघडावं लागतं, समासात खूण करावी लागते, तीन दिवस एका परिच्छेदावर अडून बसावं लागतं. आता कृत्रिम बुद्धिमत्तेला मराठीतही काहीही विचारता येतं, हेही खरं. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. कुठला प्रश्न विचारायला हवा होता, ते मात्र चांगलं पुस्तक त्याच्या क्रमातूनच शिकवतं.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. एमआयटीने २००६ साली युनिक्सच्या त्याच सहाव्या आवृत्तीचं आधुनिक सी भाषेत पुनर्लेखन केलं. त्याचं नाव एक्सव्ही६. काही हजार ओळींचा हा कर्नल खुल्या परवान्याखाली आहे. तो वाचायला, बदलायला, छापायला कोणाची मनाई नाही. साध्या, जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून क्यूएमू या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तो चालतो. लायन्स यांनी केलं तसं या कर्नलवर मराठीत ओळीओळीने भाष्य लिहिलं जावं. आधी शंभर पानांत सी, नंतर दोनशे पानांत कर्नल, आणि प्रत्येक प्रकरणाशेवटी कोडमध्ये काहीतरी मोडून पाहायचा उद्योग. नागपूर, अमरावती, पुणे इथे ऑपरेटिंग सिस्टिम शिकवणारे मराठी प्राध्यापक आहेत, आणि वर्गात कठीण भाग आला की त्यांतले कितीतरी जण मराठीतच समजावतात. तेच कागदावर उतरवायचं आहे.

पैशाचा प्रश्न मोठा नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला; त्या निमित्ताने जे काही भाषेसाठी होईल त्यात जुन्या ग्रंथांच्या शेजारी अशा एका नव्या ग्रंथाला जागा असली पाहिजे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ १९६० पासून ग्रंथ काढत आलं आहे. हा ग्रंथ त्याने हाती घ्यावा, किमतीला स्वस्त ठेवावा, कोणालाही उतरवून घेता येईल असा खुला ठेवावा, आणि राज्याच्या सीमेपाशी थांबवू नये; मराठी वाचक १९५६ च्या रेषेच्या दोन्ही बाजूंना आहे.

आणि नागपूरच्या शिक्षकांना थेट विनंती. मंडळाची वाट पाहू नका. फोर्कचं एक प्रकरण लिहा, वीस पानांचं. त्याच्या प्रती काढून एखाद्या रविवारी पांढुर्ण्याला या, सावरगावच्या, सौसरच्या मुलांना ते वाचायला द्या, आणि कुठल्या ओळीवर ती अडली ते टिपून घेऊन मगच दुसरं प्रकरण लिहायला घ्या.